अमावस्येचा गाळ

माझी पहिली नोकरी सोलापूर शहराच्या बाहेर, सांडपाण्याच्या केंद्रावर. पद मोठं झोकदार होतं, केमिस्ट. काम मात्र गटाराचं. आईनं शेजारपाजारी सांगून ठेवलं होतं की मुलगी सरकारी प्रयोगशाळेत आहे, आणि कसली प्रयोगशाळा असं कुणी विचारलंच तर ती पटकन शेंगाचटणीची वाटी पुढे करायची. दोन स्थळं चालून आली होती, ती मी खरं काय ते सांगितल्यावर तितक्याच वेगानं परतली. मला काडीचं दुःख झालं नाही. बी.एस्सी.ला केमिस्ट्रीत पहिली आले होते, डोक्यात हवा होती, आणि वासाचं म्हणाल तर आठ दिवसांत नाक सरावतं. घरी आल्यावर मोरीत अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, एवढीच आईची अट होती.

केंद्रावर आम्ही तसे बरेच जण होतो, पण माझं रोजचं बोलणं दोघांशीच. एक आमचे साहेब. स्वभावानं देवमाणूस, पण कुठल्याही कागदावर 'पाहिले' याच्यापलीकडे एक अक्षर लिहायचे नाहीत. 'मंजूर' लिहिलं तर जबाबदारी येते आणि 'नामंजूर' लिहिलं तर माणूस दुखावतो, असं त्यांचं मत. दुसरे झडपांवरचे चाचा. शहरातलं पाणी कुठल्या टाकीत सोडायचं, खाली बसलेला गाळ कुठल्या वाफ्यात वाळत घालायचा, हे सगळं त्यांच्या हातात. मराठी उत्तम समजायची, बोलायचे मात्र आपल्या दखनीत. मला पहिल्या दिवसापासून 'बेटी' म्हणायचे आणि माझ्या डब्यातली कडक भाकरी हक्कानं मोडून घ्यायचे.

दुष्काळ नुकता सरला होता. पाऊस परत आला, पण गोठे रिकामेच होते. चाऱ्यापायी जनावरं गेली, आणि जनावरांबरोबर शेणखतही गेलं. आमच्या कुंपणाला लागून एका मावशीचं रान होतं. साठीची, सडसडीत, आवाज मात्र असा की तिकडून बोलली की आमच्या खिडकीच्या काचा वाजायच्या. मावशीचा धंदा रोपांचा. उन्हाळा संपता संपता मिरचीचा, वांग्याचा तरवा टाकायची, आणि पाऊस पडला की चार गावची माणसं तिच्या बांधावर रोपं न्यायला उभी राहायची. तिच्या हातचं रोप मरत नाही, असा तिचा लौकिक होता. पाटी नाही, दुकान नाही, तो लौकिक हाच सगळा धंदा.

एक दिवस ती कुंपणाशी येऊन मला म्हणाली, "पोरी, तुमी ती काळी माती वाळवून नुसती ढीग घालताय. तिचं खत हुतंय का न्हाय?"

झालं! माझ्यातली पहिली आलेली मुलगी जागी झाली. वाळलेल्या गाळात काय काय असतं, पिकाला ते कसं लागतं, मी तिला उभ्या उभ्या अर्धा तास ऐकवलं. गाळाची तपासणी मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी करायची. नमुना घ्यायचा, वाळवायचा, ईथरमध्ये उकळून त्यातलं तेल, साबण, रंग किती ते बघायचं. माझ्या वहीत सगळे महिने स्वच्छ होते.

"मावशी, डोळे झाकून घाला," मी म्हणाले.

तिनं घातलं. गाडीभर गाळ सगळ्या वाफ्यांत मिसळला, वर बी टाकलं. बी उगवलं झकास. दोन पानांवर आलं आणि मग पिवळं पडायला लागलं. आज एक रांग, उद्या दुसरी. काही रोपं तगली, ती बघून माणसांनी नेली, आणि आठ दिवसांत त्यांच्या रानात माना टाकून पडली.

आता जे सांगते ते सांगायला अजून लाज वाटते. मावशी मला बोलवायला आली तेव्हा मी वाफ्यांवरून एक नजर फिरवली आणि फणकाऱ्यानं म्हणाले, "तुम्ही पाणी जास्त घातलं असणार. माझ्या तपासणीत गाळ स्वच्छ आहे."

तिनं एक पिवळं रोप उपटून माझ्या हातात ठेवलं. तेवढ्यात बांधावरून दोन गिऱ्हाईकं रिकाम्या पाट्या घेऊन परत निघाली होती, त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "औंदा हात गेला म्हातारीचा." मावशीनं ते ऐकलं. मीही ऐकलं. चाळीस वर्षं रोपं करणारी बाई, आणि माझ्या एका 'डोळे झाकून घाला'नं तिचा हात गेला. रात्री जेवण गेलं नाही. आईनं विचारलं तर तिच्यावरच खेकसले.

दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे गेले आणि सांगितलं, चूक माझी आहे, कुठं आहे ते मात्र मला कळत नाही. ती म्हणाली, "मग हुडीक की. शिकलीयास न्हवं?"

हुडकायला दोन महिने गेले. मावशीचा गाळ तोवर मातीत मिसळून गेला होता, म्हणून मी टाकीतला ताजा गाळ तपासत राहिले, पहिल्या सोमवारी, न चुकता. दर वेळी स्वच्छ. माझं डोकं फिरायची वेळ आली. आणि मग एका सकाळी कामावर आले तर चाचा ठिगळं लावलेला, डागांनी भरलेला कुडता घालून झडपेपाशी बसलेले. एरवी मोठे टापटिपीचे, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत असायचे.

"चाचा, आज हा काय अवतार?"

"कल अमावस है ना बेटी. आज लाल पानी आयेगा. अच्छे कपडे कायकू खराब करू?"

"कसलं लाल पाणी?"

ते माझ्याकडे असं बघायला लागले की ही थट्टा करतेय की काय. मग सांगितलं. सोलापुरात चादरींचे, टॉवेलांचे, लुगड्यांचे माग गल्लोगल्ली, आणि त्यांना सूत रंगवून देणारी घरंही तितकीच. अमावस्येला रंगाच्या भट्ट्या बंद. त्या दिवशी भांडी घासूनपुसून, हळदकुंकू लावून पुजायची. तेव्हा आदल्या दिवशी महिनाभराचा खराब रंग, तेल, सोडा, तळाशी राहिलेला सगळा काला मोरीत ओतून देतात. तो दुपारपर्यंत आमच्या टाकीत पोचतो. लग्नसराईत लाल, एरवी कधी निळा, कधी हिरवा. चाचांना पंधरा वर्षं ठाऊक होतं. बाजारात कुठल्या रंगाचं लुगडं येणार हे ते बायकोला महिनाभर आधी सांगायचे.

"मग मला का नाही सांगितलं?" मी अक्षरशः ओरडले.

"तुम पढी-लिखी. मैं समझा मालूम होगा."

मी कपाळावर हात मारून घेतला. मी इंग्रजी महिन्याच्या पहिल्या सोमवारी नमुना घेत होते आणि आमचं गटार तिथीनं वाहत होतं! माझा सोमवार अमावस्येच्या आसपास एकदाही आला नव्हता. आणि मावशीची गाडी भरली गेली होती ती नेमक्या अमावस्येच्या वाफ्यातून. वाळल्यावर सगळा गाळ काळाच दिसतो, त्यामुळे डोळ्यांना फरक कळायचा नाही. त्या दुपारी लाल पाणी खरंच आलं. मी काठावर उभी राहून बघत होते आणि मला हसावं की रडावं कळत नव्हतं. शेवटी हसलेच. साहेबांना सांगितलं तर त्यांनी माझ्या वहीवर 'पाहिले' लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः घरून पंचांग आणून भिंतीवर टांगलं.

चूक सापडली, आता इलाज. चाचांनी अमावस्येचा गाळ वेगळ्या वाफ्यात सोडायला सुरुवात केली. साहेब म्हणाले, एवढाच बाजूला ठेवून खड्ड्यात पुरून टाकू, बाकीचा शेतकऱ्यांना देऊ. पण मला ते पटेना. एक तर तो पुरायचा म्हणजे खालच्या विहिरींच्या जिवावर. आणि दुसरं, खरं कारण, मला मावशीला दाखवायचं होतं की ज्यानं तिची रोपं मारली त्याचंच मी खत करून देईन. हट्टालाच पेटले होते म्हणा ना.

पहिले प्रयत्न सगळे पाण्यात गेले. चुना घालून बघितला, रंग थोडा फिकटला, मेथीचे दाणे रुजेनात. मी बशीत ओला टीपकागद ठेवून त्यावर गाळाचं पाणी शिंपडायची आणि मेथी टाकायची. मेथी इतकी भाबडी की कुठंही उगवते, पण या गाळापुढं तिनंही हात टेकले. मार्गशीर्षातलं ऊन खाऊ घातलं, काही नाही. वरचा पापुद्रा वाळून काळा व्हायचा, आत ओल्यात बोट घातलं की लालभडक.

मग एक वेंधळेपणा कामी आला. दिवाळीपूर्वी भरून ठेवलेली लाल गाळाची एक बाटली मी बूच घट्ट लावून कपाटामागे विसरले होते. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीहून आले तेव्हा झाडलोट करताना ती सापडली. बूच काढलं आणि आख्खी प्रयोगशाळा बाहेर पळाली. असला वास मला त्या केंद्रावरसुद्धा ठाऊक नव्हता! पण आतला गाळ काळाकुट्ट, लाल रंगाचा टिपूस नाही. हवा मिळाली नाही, म्हणून आतल्या जंतूंनी रंगच खाऊन टाकला होता. मी नाकाला पदर लावून तिथंच नाचले.

आमच्याकडे एक जुना रिकामा हौद होता. त्यात अमावस्येचा गाळ भरला, थोडं शेण कुठून कुठून मागून आणून कालवलं, वर पोती टाकून चिखलानं लिंपून टाकला. महिन्याभरानं उघडला. रंग गायब. मी पाटीभर गाळ उचलला आणि तडक मावशीच्या बांधावर.

"मावशी, झालं! बघा, रंग गेला."

तिनं मुठीत घेतला, हुंगला, तोंड वाकडं केलं. मग रानातून चार गांडुळं शोधून आणली, एका फुटक्या मडक्यात तो गाळ भरून त्यावर सोडली. "बस हितं," म्हणाली. आम्ही बसलो. गांडुळं आत जायचं नावच घेईनात. काठावर चढायची, आम्ही परत टाकायचो, परत चढायची. दुपारपर्यंत दोन मेली.

"रंग गेला, इख न्हाय गेलं," मावशी म्हणाली.

मला राग आला. तिचा नव्हे, त्या गांडुळांचा! माझी ईथरची उपकरणं, माझ्या वह्या, आणि निकाल देणार कोण तर गांडूळ. पण मेथीनंही त्याच दिवशी तेच सांगितलं. रंगाचे तुकडे झाले होते, ते डोळ्यांना दिसत नव्हते, पण त्या तुकड्यांतच खरा जहालपणा होता.

"आता काय करू?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"कोंडून ठेवलास. आता वारं दे की त्येला. उकिरडा काय कुणी लिंपून ठेवतंय व्हय?"

दोन्ही करायचं, आधी कोंडायचं आणि मग मोकळं करायचं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी एकीकडे कोंडून बघत होते, दुसरीकडे उन्हात घालून बघत होते, पण एकाच गाळाला एकामागून एक दोन्ही औषधं द्यायची बुद्धी झाली नाही. मावशीनं मला उकिरडा रचायला शिकवलं. चाचांचे मेहुणे श्रीपूरच्या साखर कारखान्याकडून ट्रक आणायचे, त्यांनी उसाचं पाचट आणून टाकलं. एक थर पाचट, एक थर हौदातला गाळ, वर मातीचा हात, पाणी बेतानं. दर आठ दिवसांनी सगळा ढीग खालीवर करायचा. मावशी कुंपणापलीकडून ओरडायची, "तळातलं वर घे! वरवर काय खाजवतीयास!" मी पदर खोचून फावडं मारायची, चाचा पाणी मारायचे, आणि साहेब लांबून रुमाल नाकाला लावून 'छान, छान' म्हणायचे. पंधरा दिवसांत ढिगात हात ठेववेना एवढी ऊब आली. मग ती हळूहळू उतरली. वास गेला. एप्रिलात हातात घेतलं तर पहिल्या पावसानंतरच्या रानासारखी भुसभुशीत माती. ईथरमध्ये काही उतरेना. मेथी बशीबाहेर आली. आणि मावशीची गांडुळं मडक्यात अशी गुडुप झाली की शोधूनही सापडेनात.

मावशीनं तो ढीग नीट बघितला. "गाडी भर," म्हणाली.

इथं मी कच खाल्ली. गेल्या वर्षी काय झालं ते सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. यंदाही रोपं मेली असती तर त्या बांधावर पुन्हा कुणी फिरकलं नसतं. मी म्हणाले, "मावशी, एकच वाफा करा. बाकी ठेवा तसंच."

"एका वाफ्यानं काय कळतंय? गिऱ्हाइकानं मग कुठल्या वाफ्यातलं न्यावं?"

तिनं सगळ्या रानात घातलं.

तरवा असा आला की काय सांगू! हिरवागार, ठेंगणा, बुडाशी जाड. मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी वाफे बघून यायची, जेवायच्या सुट्टीत बघायची, संध्याकाळी बघायची. चाचा म्हणाले, इतना देखेगी तो नजर लगेगी.

पाऊस पडला आणि माणसं आली. गेल्या वर्षाच्या मानानं निम्मीसुद्धा नव्हती, तीही बांधाच्या पलीकडेच उभी. मी आदल्या दिवशी मावशीच्या हातापाया पडले होते की खताचं कुणाला सांगू नका. गटाराचं खत म्हटल्यावर कोण हात लावणार? मावशी तेव्हा वाफ्यातलं तण काढत राहिली होती. आता ती वाफ्याच्या मधोमध उभी राहिली आणि त्या आवाजात, अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं, म्हणाली:

"हितं बघा. गेल्या साली रोपं मेली ती गटाराच्या गाळानं. औंदा बी त्योच गाळ हाय. पर ह्या पोरीनं वरीसभर त्येला कोंडला, भाजला, उलथापालथा केला, आन मी माझ्या डोळ्यांनी बघितला. न्यायचं त्येनं न्या, न्हाई त्येनं नगा न्हेऊ. मेलं तर मला येऊन बोला. हिला न्हाय."

मी जागच्या जागी मेले. चारपाच जण तिथूनच मागे वळले. त्यांतल्या फेटेवाल्या एका बाप्यानं तर थुंकून वाट धरली. राहिलेल्यांत एक बाई पुढं आली, तिनं एक रोप उपटलं, मुळाची माती झटकली, मूळ बोटावर पसरून बघितलं. पांढरं, दाट मूळ. "दे ग माय शंभर," म्हणाली. मग बाकीचे एकेक करून वाफ्यात उतरले. संध्याकाळपर्यंत तीन वाफे मोकळे झाले, चार तसेच राहिले.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. रोज कुंपणाशी जाऊन विचारायचं, "मावशी, कुणी आलं का बोलायला?" ती म्हणायची, "न्हाय." दुसऱ्या दिवशी परत तेच. आठवा दिवस गेला. गेल्या वर्षी आठव्या दिवशीच माना टाकल्या होत्या. दहावा गेला, बारावा गेला. आणि तेराव्या दिवशी मी बांधावर उभी असताना तो थुंकून गेलेला फेटेवाला ताडताड चालत येताना दिसला. या बाप्यानं तर रोपं नेलीच नव्हती, मग आता हा कुणाची तक्रार घेऊन आला?

तो मावशीपुढं येऊन उभा राहिला, फेटा काढून घाम पुसला, आणि खाली बघत म्हणाला, "भावजयीनं तुझ्याकडनं मिरची न्हेली. एक बी रोप गेलं न्हाय. माझी मातूर दुसरीकडची समदी बसली. उरलंसुरलं काय हाय का?"

मावशीनं चारही वाफे दाखवले. तो घाईघाईनं खाली बसला आणि रोपं उपटायला लागला. उपटता उपटता म्हणाला, "म्हातारे, हात मोडला न्हाय बग तुझा. लई झ्याक रोप केलंस."

"मला काय सांगतोस?" मावशी म्हणाली. "मेलं असतं तर मला बोलायचं हुतं. जगलंय, मग त्या पोरीला सांग."

तो माझ्याकडे वळला, चिखलाचे हात तसेच जोडले. मी नुसती मान हलवली आणि तिथं बांधावरच रडायला लागले.